अजिंठा रांगेतील नदीखोऱ्यात सोयींविना दोन रात्री : हंगाम, जागा आणि पाणी

पूर्णाकाठ

दिवाळीनंतर आम्ही चौघे मित्र कन्नड-सोयगाव परिसरातील डोंगरात, एखाद्या नदीच्या खोऱ्यात दोन रात्री मुक्काम करण्याच्या विचारात आहोत. भाड्याचे तंबू, तयार जेवण, दिव्यांच्या माळा आणि मध्यरात्रीपर्यंत वाजणारा ध्वनिक्षेपक अशी ठिकाणे आता आपल्याकडेही झाली आहेत. आम्हाला ती नको आहेत. एक ताडपत्री, सुंभाची दोरी, घोंगड्या, पातेले, तवा, खुरपे आणि दोन दिवस पुरेल एवढे पीठ-डाळ न्यायचे, पाणी तिथलेच वापरायचे आणि आपण निघून गेल्यावर तिथे कोणी राहिले होते हे कोणाला कळू नये अशा बेताने राहायचे, असा मनसुबा आहे.

सह्याद्रीतील अशा मुक्कामांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु तो सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि मराठवाड्यात वर्षभरात सरासरी सात-आठशे; तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या दिवसांत. त्यामुळे आमची अडचण अशी आहे की नदी वाहती असते तेव्हा तिच्या काठी झोपणे धोक्याचे, आणि काठी झोपणे निर्धोक होते तोवर बहुतेक ओढ्यांचे पाणी आटलेले असते. या दोहोंमधला काळ नेमका कोणता, त्या काळात जागा कशी पारखावी आणि पाणी कुठे शोधावे, हे या भागात हिंडलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे. जागेचे नाव सांगितले नाही तरी चालेल. ती कशी ओळखावी हे सांगितले तर अधिक उपयोग होईल.

सोयगावचा वाटाड्या

जागेचे नाव मागितले नाही, हे बरे केलेत. नाव एकदा लिहिले गेले की पुढच्या हंगामात तिथे प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडतो.

प्रथम नकाशा पाहावा. अजिंठ्याची रांग ही पाणलोटाची सीमा आहे. तिच्या दक्षिणेकडचे पाणी पूर्णा आणि शिवना यांच्या वाटे गोदावरीला जाते, तर उत्तरेकडचे पाणी वाघूर, तितूर अशा नद्यांतून अखेर तापीला मिळते. दोन्ही बाजूंचा स्वभाव अगदी वेगळा आहे. दक्षिणेकडे उतार मंद असल्याने खोरी रुंद आहेत, काठाला शेती आहे आणि कोणत्याही क्षणी बाजूच्या माळावर चढून जाता येते. उत्तरेकडे मात्र पठार एकदम तुटते. तिथे कडे, घळी आणि धबधबे आहेत. अजिंठ्याची लेणी वाघूरच्या ज्या वळणावर कोरली आहेत, ती याच तुटलेल्या बाजूची दरी. छायाचित्रे पाहून सर्वांचे मन उत्तरेकडे ओढ घेते, पण अशा घळीत एकदा शिरले की आत येण्याची वाट तीच बाहेर जाण्याची वाट असते, आणि ती वाट म्हणजे नदीचे पात्र. ३०-३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री याच डोंगरात इतका पाऊस झाला की कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि पायथ्याच्या चाळीसगावात पुराचे पाणी शिरले. डोंगरावर पडलेले पाणी खाली पोहोचायला फारसा वेळ लागत नाही, कारण वर मातीचा थर पातळ आहे आणि खाली काळा पाषाण. मुरायला जागाच नसल्याने पाणी सरळ धावते.

दुसरी गोष्ट कायद्याची. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले आणि आपण म्हणता त्या डोंगरांचा मोठा भाग त्यात येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात शिरण्यासाठी व राहण्यासाठी परवानगी लागते आणि तिथे आग लावण्यास मनाई आहे. त्यामुळे अभयारण्यात परस्पर रात्र काढण्याचा विचार सोडून द्यावा. 'कोणी विचारत नाही' असे सांगणारे भेटतील, त्यांचे ऐकू नये. त्या जंगलात बिबटे आणि अस्वले आहेत, आणि २०२१ मध्ये तर विदर्भातून चालत आलेला वाघही तिथे कॅमेऱ्यात दिसला होता. लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या आवारातही मुक्कामाचा विचार करू नये, कारण ती संरक्षित स्मारके आहेत.

मग उरते काय? अभयारण्याच्या हद्दीबाहेर, दक्षिण उतारावर, जिथे डोंगर संपून शेते सुरू होतात आणि ओढा अजून लहान असतो, तो पट्टा. तिथली जमीन कोणाच्या तरी मालकीची असते किंवा गावाचे गायरान असते. मालकाला जाऊन भेटावे, चहा घ्यावा, आपण कोण, कुठले, किती जण आणि का आलो आहोत, हे स्पष्ट सांगावे. पोलीस पाटलांना कळवावे. रात्री माळावर अनोळखी माणसांचा उजेड दिसला की गाव चोर समजून काठ्या घेऊन येते, आणि त्यात गावाची काही चूक नसते.

निरगुडी

भूजलाच्या कामानिमित्त या रांगेतले बरेच ओढे पायाखालून गेले आहेत, म्हणून पाण्याविषयी लिहिते.

काळाचे उत्तर आधी देते. परतीचा पाऊस मराठवाड्यातून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघून जातो, पण त्याचे शेवटचे दिवस फसवे असतात. सकाळी आकाश स्वच्छ असते आणि दुपारी तीन-चारनंतर ढग चढून विजांसह सरी कोसळतात. कार्तिक लागला की तो धोका बहुतांशी ओसरतो. तिथून पौषापर्यंतचा काळ आपल्या कामाचा. चांगला पाऊस झालेल्या वर्षी वरच्या ओढ्यांत डिसेंबरअखेरपर्यंत बारीक धार राहते आणि डोहांमध्ये त्याहून पुढे पाणी टिकते. पाऊस हुकलेल्या वर्षी मात्र दिवाळीलाच दगड उघडे पडतात. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच्या आदल्या म्हणजे २०१५ च्या हिवाळ्यासारखे वर्ष असेल, तर डोहात उरलेले पाणी गुरांचे आणि रानातल्या जनावरांचे आहे असे समजून पाणी घरून न्यावे किंवा बेत रद्द करावा.

आता ते शोधावे कुठे. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. काही थर एकसंध आणि कठीण, तर काही सच्छिद्र. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो. वरच्या थरातून झिरपलेले पाणी खालच्या कठीण थरावर अडते आणि आडवे सरकत जाऊन जिथे डोंगराची बाजू उघडी पडली असेल तिथे पाझरते. म्हणून ओढ्याने वर चढताना खडकाची पायरी लागली की तिच्या बुडाशी पाहावे. शेवाळ, नेचे, एखादे उंबराचे झाड किंवा सभोवती सारे वाळलेले असताना हिरवा राहिलेला गवताचा पट्टा दिसला, तर तिथे पाझर असण्याची शक्यता मोठी. डोहातल्या उभ्या पाण्यापेक्षा असा पाझर केव्हाही चांगला; भांडे भरायला वेळ लागतो, एवढेच.

एका गोष्टीकडे शहरातून येणाऱ्यांचे हमखास दुर्लक्ष होते. ओढा कापसाच्या किंवा सोयाबीनच्या शेतांमधून वाहत आला असेल, तर त्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिण्यासाठी घेऊ नये. फवारणीच्या औषधांचे अंश उकळल्याने जात नाहीत, आणि फवारणीचे पंप ओढ्यातच धुण्याची सवय सगळीकडे आहे. पाणी नेहमी शेवटच्या शेताच्या वरच्या अंगाला घ्यावे, भले त्यासाठी अर्धा तास चढावे लागो. जंतूंचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. पाणी गढूळ असेल तर तुरटीचा खडा दोन-तीन वेळा फिरवून ते निवळू द्यावे, दुहेरी सुती फडक्यातून गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. क्लोरिनच्या गोळ्या जवळ असाव्यात, पण त्या गढूळ पाण्यात नीट काम करत नाहीत. फडक्याने गाळणे ही जुनीच शिस्त आहे. नारूच्या, म्हणजे पाण्यातून अंगात जाणाऱ्या जंताच्या रोगाच्या, काळात आपल्या गावांमध्ये घरोघरी तीच शिकवली जात होती आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला त्यात तिचा मोठा वाटा होता.

जागेविषयी एकच सांगते. पात्रातली वाळू मऊ, सपाट आणि स्वच्छ असते, म्हणून प्रत्येकाला तिथेच पथारी टाकाविशी वाटते. ती सपाट आहे, कारण नदीने ती सपाट केली आहे. काठाच्या निरगुडीच्या झुडपांकडे जवळून पाहावे. त्यांच्या फांद्या एकाच दिशेला कललेल्या असतात आणि त्यांत वाळलेल्या गवताचे बोळे, कापसाच्या काड्या, एखादी खताच्या गोणीची चिंधी अडकलेली असते. तो बोळा ज्या उंचीवर आहे, तिथवर यंदा पाणी आले होते. मुक्काम त्याहून निदान दोन पुरुष उंचीच्या थडीवर असावा, आणि थडीवरून माळाकडे जाणारी वाट अंधारात सापडेल अशी दिवसाच पायाखाली घालून ठेवावी.

भूमिपुत्र७२

ज्यांच्याकडे घर, पलंग आणि गॅस आहे त्यांनी मुद्दाम दगडांवर झोपायला जावे, हे काही मला उमगत नाही. आमच्या आजोबांनी ७२ च्या दुष्काळात खडी फोडताना अशा रात्री काढल्या, त्याचे त्यांना कधी कौतुक वाटले नाही.

बालाघाट

भूमिपुत्र यांचे म्हणणे टोचणारे असले तरी अगदी वावगे नाही. आमच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या तात्पुरत्या झोपडीत, राहतात. लहान मुले, गरोदर बाया, बैल, सारे तिथेच. तुम्ही दोन रात्री हौसेने जे करणार आहात, ते हजारो माणसे निरुपायाने करतात. तरीही हौसेने जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. फक्त जे जाणतात त्यांच्याकडून शिकावे, एवढेच म्हणेन. परदेशी चित्रफिती पाहून फांद्या तोडून झोपडी बांधणारी मुले मी पाहिली आहेत. अर्ध्या दिवसात त्यांनी दोन चांगली झाडे बोडकी केली आणि रात्री वाऱ्याने सगळे उडवून नेले.

कोपी बांधणारा माणूस काय करतो ते पाहा. तो आधी जमीन पाहतो. काळी माती टाळतो, कारण ती ओल धरते आणि एखादी सर आली तरी चिखल होतो. मुरमाड, किंचित उताराची जागा घेतो. तोंड वाऱ्याकडे कधीच ठेवत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो, तेव्हा तिकडे पाठ करायची. वरच्या अंगाला वीतभर चर काढून पाणी बाजूला वळवतो. मुरमात खुंटी शिरत नाही, म्हणून ताडपत्रीच्या कोपऱ्यात लिंबाएवढा खडा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधतो आणि ती दोरी मोठ्या दगडाला आवळतो. भोके पाडलेली ताडपत्री वाऱ्याने फाटते, खड्यावर बांधलेली फाटत नाही. आणि अंथरुणाखाली पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, टाकतो. तुम्हाला पाचट मिळणार नाही, पण शेतकऱ्याकडून दोन पेंढ्या कडबा विकत घेता येईल. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. एकच घोंगडी असेल तर ती पांघरण्यापेक्षा अंथरलेली बरी.

थंडीला हसण्यावारी नेऊ नका. मराठवाडा म्हटले की लोकांना उन्हाळाच आठवतो, पण परभणीत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. रात्री गार हवा उतरून खोऱ्याच्या तळाशी साचते, त्यामुळे पात्राजवळ थडीपेक्षा गारठा अधिक असतो. निरगुडीताईंनी सांगितलेली उंच जागा याही कारणाने योग्य.

अजिंठ्याची परवानगी वगैरे जमले नाही, तर आमच्या बाजूलाही यावे. मांजरा, सिंदफणा आणि विंचरणा या तिन्ही नद्या पाटोद्याच्या परिसरातल्या डोंगरात उगम पावतात आणि वेगवेगळ्या दिशांना जातात. सौताड्याला विंचरणा जिथे खाली कोसळते तो धबधबा पाहण्यासारखा आहे, पण खालच्या दरीत मुक्काम करू नये; तिथे रामेश्वराचे देवस्थान आहे, लोकांची ये-जा असते आणि दरी अरुंद आहे. वरच्या पठारावर, शेतांच्या कडेला जागा मिळते. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला जायचे मनात असेल तर कार्तिकी पौर्णिमेचे दिवस टाळावेत, कारण त्या वेळी मन्मथस्वामींच्या यात्रेला मोठी गर्दी असते.

तालुक्याचा डॉक्टर

ग्रामीण रुग्णालयात काम करतो. सर्पदंश हा आमच्याकडचा नेहमीचा विषय असल्यामुळे लिहिणे भाग आहे.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही आपल्या भागात आहेत. जमिनीवर झोपणाऱ्याला सर्वांत मोठा धोका मण्यारीचा. ती रात्री फिरते, उबेला अंथरुणात शिरते आणि तिचा दंश इतका सूक्ष्म असतो की पुष्कळांना जागही येत नाही. पहाटे पोट दुखते, घसा धरल्यासारखा वाटतो, पापण्या जड होतात, आणि घरचे समजतात की काही खाण्यात आले असावे. यावर अतिशय स्वस्त उपाय आहे : मच्छरदाणी. ती चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचावी आणि ताडपत्रीखाली दोरीला टांगावी. सोयींविना राहायचे म्हणून मच्छरदाणी टाळली, असा हट्ट कृपया धरू नये. घोणस हिवाळ्यातही कार्यरत असते आणि पिकाच्या कडेला, पालापाचोळ्यात पडून राहते. कुकरची शिट्टी सुटावी तसा तिचा फुत्कार ऐकू येतो, तेव्हा आहे तिथेच थांबून पाय मागे घ्यावा. रात्री काठी आपटत आणि टॉर्च लावून चालावे, सरपण उचलताना ओंडका आधी काठीने आपल्याकडे पलटवावा म्हणजे खालचे जनावर पलीकडे निघून जाते, आणि बूट घालण्यापूर्वी झटकावेत.

दंश झालाच तर दोरी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नये. अंगठी-कडे काढावे, तो अवयव हलू देऊ नये, माणसाला चालवू नये आणि १०८ ला फोन करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचावे. साप मारून आणण्याची गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविष या चारही सापांवर चालते. म्हणूनच मुक्कामाची जागा निवडताना मी एक प्रश्न विचारतो : इथून माणसाला झोळीत घालून गाडीपर्यंत न्यायला किती वेळ लागेल? उत्तर तासाभराच्या वर जात असेल तर जागा बदलावी. मोबाइलला कुठे रेंज येते तो खडकही दिवसाच हेरून ठेवावा.

विंचवाविषयी थोडे. काळ्या विंचवाचा दंश बहुधा नुसता वेदनादायक असतो, परंतु लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होऊन माणूस दगावू शकतो. घाम फुटणे, हातपाय गार पडणे, उलट्या होणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना १९८० च्या दशकात या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि मृत्यूंचे प्रमाण खूप खाली आले. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने सोबत बाळगून घेऊ मात्र नयेत. रक्तदाब एकदम उतरतो.

गोदाकन्या

चर्चा उत्तम चालली आहे, पण शौचाविषयी अजून कोणी अवाक्षर काढलेले नाही, आणि माझ्या अनुभवात खोऱ्यांची सर्वाधिक घाण त्यानेच होते. पाण्यापासून शंभर पावले तरी दूर, उताराच्या खालच्या नव्हे तर बाजूच्या अंगाला, खुरप्याने वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर तो मातीने पूर्ण बुजवावा. ओढ्याचे कोरडे पात्र ही त्यासाठीची जागा नव्हे, कारण पुढच्या पावसात ते सारे खालच्या वाडीच्या विहिरीकडे जाते. कागद, ओले रुमाल, सॅनिटरी पॅड हे पुरू नये किंवा जाळू नये. झाकणाच्या डब्यात घालून परत आणावे. समूहात स्त्रिया असतील तर एक जुनी साडी आणि दोन काठ्या आडोशासाठी न्याव्यात आणि ती जागा उजेडातच ठरवून सर्वांना सांगावी. साबण, राख, भांडी घासण्याची माती यांपैकी काहीही ओढ्यात धुऊ नये. पाणी उचलून आणावे आणि माळावर सांडावे.

पूर्णाकाठ

सर्वांचे आभार. आमचा उत्तरेकडच्या घळीचा विचार होता, तो आता बाजूला ठेवला आहे. दक्षिण उतारावरच्या एका गावात मित्राच्या मामांची जमीन ओढ्याला लागून आहे आणि ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर असल्याची खात्री आम्ही गावाच्या नकाशावरून करून घेतली. ओढ्यापासून थडी चांगली उंच आहे. दोन शंका उरल्या आहेत. एक, चुलीसाठी काय करावे? दुसरी, मामा म्हणतात की शेतापर्यंत धार नाही, पात्र कोरडे झाले आहे. वरचा डोह मात्र भरलेला आहे. डोह कड्याच्या बरोबर खाली आहे.

किनवटची वाट

आधी डोहाविषयी, कारण ते अधिक महत्त्वाचे आहे. कड्याखालचा डोह असेल तर वर मान करून पाहावे. आग्या मोहोळाची काळी पोळी कपारीला लटकलेली असली तर तिथे ना विस्तव करावा ना आरडाओरडा. धुराने मोहोळ उठले की पळायला जागा राहत नाही. आग्या माश्या चांदण्या रात्रीही उडतात आणि उजेडाकडे येतात, हे पुष्कळांना माहीत नसते. शिवाय आसपासचे एकमेव पाणी तेच असेल तर संध्याकाळी व पहाटे अस्वल, रानडुक्कर, बिबटा तिथेच उतरणार. भर दुपारी जाऊन पाणी आणावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी तिथून निघावे.

मात्र पात्र कोरडे झाले म्हणजे पाणी गेले, असे समजू नये. आमच्याकडे पैनगंगेच्या खोऱ्यात पात्र उघडे पडले की आदिवासी पाड्यांवरच्या आणि तांड्यावरच्या बाया झिरा करतात. नदीच्या वळणावर, जिथे लव्हाळा अजून हिरवा आहे किंवा वाळू सकाळी गडद दिसते, तिथे हाताने उकरायला सुरुवात करायची. वरची वाळू कोरडी आणि गरम लागते, कोपराएवढे खोल गेल्यावर ती हाताला गार लागून मुठीत धरली की तशीच राहते, आणि आणखी वीतभर गेल्यावर कडेने पाणी डोकावू लागते. पहिले पाणी गढूळ असते. ते वाटीने उपसून टाकायचे. पुन्हा भरले की पुन्हा उपसायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी येणारे पाणी नितळ असते. कडा ढासळू नये म्हणून भोवती दगड लावायचे आणि रात्री वर फांदी व फडके टाकून झाकायचे. वाळूतून गाळून आलेले असले तरी उकळणे चुकवू नये. वरच्या बाजूला शेते आहेत, तेव्हा फवारणीचा मुद्दा इथेही लागू आहे. म्हणून झिऱ्याचे पाणी हातपाय आणि भांड्यांसाठी, व पिण्याचे डोहावरून, अशी विभागणी करावी. पिणे आणि रांधणे मिळून माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरा. भात-वरणापेक्षा भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी केली तर पाणी आणि सरपण दोन्ही कमी लागतात.

चुलीचे म्हणाल तर मालकाच्या परवानगीने त्याच्या जमिनीवर करावी, आणि तीही तीन दगडांची, स्वयंपाकापुरती. रात्रभर पेटती शेकोटी नको. कार्तिक-मार्गशीर्षात कुसळी गवत वाळून गेलेले असते आणि एक ठिणगी डोंगरभर वणवा लावायला पुरते. वनविभाग जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, काढतो तो उगीच नव्हे. चुलीभोवती दोन हात जागा खुरप्याने मुरूम लागेपर्यंत साफ करावी. दगड पात्रातले ओले घेऊ नयेत. आत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते तापल्यावर तडकतात आणि कपच्या डोळ्यात उडतात. माळावरचे, बरेच दिवस उन्हात तापलेले दगड घ्यावेत. सरपण जंगलातून आणू नये. मामांकडे मागच्या वर्षीच्या तुराट्या आणि गोवऱ्या असतीलच. एक भारा पुरेल. कडब्याच्या गंजीपासून मात्र दूर बसावे. निघताना राखेवर पाणी ओतून, ढवळून, तळहात टेकवून पाहावा. हात ठेवता येत नसेल तर पुन्हा पाणी ओतावे.

बालाघाट

हुरडा अजून आलेला नसेल, नाहीतर चुलीची गरजच पडली नसती. पुढच्या खेपेला डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत जा. हुरडा भाजायची आगटी मामाच पेटवतील.

सोयगावचा वाटाड्या

एक शेवटची आणि माझ्या मते सर्वांत निकडीची सूचना राहिली आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी या पट्ट्यात शेतांभोवती तारा ओढलेल्या असतात. झटका यंत्राची तार असेल तर जोरदार धक्क्यावर भागते, परंतु काही जण बेकायदा थेट वीजप्रवाह सोडतात आणि त्यात माणसे दगावलेली आहेत. ही तार गुडघ्याच्या खाली असते आणि अंधारात अजिबात दिसत नाही. तेव्हा मामांच्याच नव्हे, तर शेजारच्या चारही शेतांच्या मालकांना दिवसा भेटून तारा कुठे आहेत हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे, आणि अंधार पडल्यावर आपल्या बांधाबाहेर पाऊल टाकू नये. रात्री कोणी टॉर्च घेऊन येताना दिसले तर घाबरू नये. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत असली की माणसे पाणी धरायला येतात. आपणहून आवाज देऊन ओळख सांगावी.

वीज चमकू लागली तर एकट्या झाडाखाली किंवा ताडपत्रीखाली न थांबता गाडीत किंवा मामांच्या पक्क्या घरात जावे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप निघण्यापूर्वी मोबाइलमध्ये घालून ठेवावे. परिसरात वीज पडण्याची शक्यता असेल तर ते आगाऊ सूचना देते. गाडी थडीवर न नेता वरच्या रस्त्यावर, तोंड गावाकडे करून लावावी.

पूर्णाकाठ

तारांचे मामांना आजच विचारले. शेजारच्या दोन शेतांना झटका यंत्र आहे आणि ओढ्यापलीकडच्या एका शेताविषयी ते स्वतः चौकशी करणार आहेत. त्या शेताचा उलगडा होईपर्यंत तारीख नक्की करत नाही.

सोयगावचा वाटाड्या

योग्य. गावाचे नाव व्यक्तिगत निरोपात कळवा, तिथल्या पोलीस पाटलांशी माझा परिचय असेल तर बोलून ठेवतो. त्यांना फोन करायचा तो रात्री आठनंतर करावा. दिवसा सगळे गाव कापूस वेचणीला गेलेले असते आणि कोणी फोन उचलत नाही.